विजेरीची निवड : ल्यूमेनच्या आकड्यापलीकडे

खिशात मावणाऱ्या विजेरीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो ल्यूमेनचा आकडा. आकडा जितका मोठा तितकी विजेरी सरस, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ल्यूमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर पोहोचतो, त्यात रंग कसे दिसतात आणि तो किती वेळ टिकतो, हे त्यावरून कळत नाही. या तिन्ही गोष्टी आतील एलईडीवर आणि विजेरीच्या रचनेवर अवलंबून असतात.

पांढरा प्रकाश आणि त्याची छटा

विजेरीतील पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरील फॉस्फरचा थर निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोहोंच्या मिश्रणातून पांढरा प्रकाश मिळतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशाची छटा केल्व्हिनमध्ये सांगतात. २७०० केल्व्हिनचा प्रकाश जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४५०० च्या आसपासचा समतोल, तर ६५०० चा निळसर पांढरा असतो. रंग किती खरे दिसतात, हे सीआरआय या १०० पैकी दिलेल्या निर्देशांकावरून समजते. मात्र हा निर्देशांक आठ सौम्य रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंगासाठी ‘आर९’ हे मूल्य वेगळे पाहावे लागते. सीआरआय ७० च्या प्रकाशात तांबूस आणि तपकिरी छटा एकमेकींत मिसळतात. पावसाळ्यात वीज गेलेली असताना कुळागरातून वाट काढणाऱ्याला पाचोळ्यावरील घोणस वेळीच दिसायची, तर हा फरक क्षुल्लक नाही.

कोणता एलईडी कशासाठी

निचिया कंपनीचा २१९बी आणि त्यानंतरचा ५१९ए हे एलईडी रंगांच्या सच्चेपणासाठी हौशी मंडळींत विशेष प्रिय आहेत. सॅमसंगच्या एलएच३५१डी या एलईडीच्या ९० सीआरआयच्या आवृत्तीत चांगले रंग आणि भरपूर प्रकाश यांचा मेळ साधतो. ऑस्रामचे जेमतेम १ चौरस मिलिमीटर प्रकाशपृष्ठाचे, घुमट नसलेले एलईडी दूरच्या झोतासाठी वापरतात. त्यांत रंगांची गुणवत्ता बेताची असते. क्रीचा एक्सएचपी७० मोठ्या पृष्ठाचा आहे. तो परिसर उजळून टाकतो, पण लहान विजेरीत त्याचा झोत दूर जात नाही.

कारण साधे आहे. प्रकाशपृष्ठ जितके लहान आणि प्रखर, आणि परावर्तक जितका मोठा, तितका झोत अरुंद व लांब होतो. गुळगुळीत परावर्तक दूरसाठी, तर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत परावर्तक मऊ, एकसारख्या प्रकाशासाठी असतो.

झोताची तीव्रता कॅन्डेलात मोजतात. कॅन्डेलाच्या वर्गमुळाची दुप्पट म्हणजे मीटरमधील पल्ला. १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर पल्ला मिळतो. त्या अंतरावर मात्र उरतो तो साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स प्रकाश. स्पष्ट दिसण्यासाठी छापील पल्ल्याचा निम्माच धरावा.

उष्णता, विद्युतमंडल आणि सेल

विजेरीसाठीच्या एएनएसआय एफएल१ या मानकानुसार ल्यूमेन मोजतात ते विजेरी सुरू केल्यावर ३० सेकंद ते दोन मिनिटे या काळात. लहान विजेरी तेवढ्यात तापू लागते आणि पुढे आपोआप मंद होते. छापील कालावधीही प्रकाश मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. म्हणून सर्वोच्च आकड्यापेक्षा सलग टिकणारा प्रकाश विचारात घ्यावा. तांब्याच्या पट्टीवर थेट जोडलेला एलईडी आणि जाड धातूचे कवच उष्णता लवकर बाहेर नेतात.

लिथियम-आयन सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि वापरासोबत उतरत जातो. साधे विद्युतमंडल ३ व्होल्टच्या एलईडीला लागणाऱ्या दाबावरचे व्होल्ट उष्णतेत घालवते. ‘बक’ प्रकारचे मंडल ती ऊर्जा वाचवते. एका सेलवर ६ व्होल्टचा एलईडी चालवायचा, तर दाब वाढवणारे ‘बूस्ट’ मंडल लागते.

१८६५० आकाराचा सुटा सेल खिशात नाणी किंवा किल्ल्यांसोबत ठेवू नये. दोन्ही टोके जोडली गेल्यास तो पेट घेऊ शकतो. संरक्षक मंडल असलेला सेल घ्यावा, आवरण फाटलेला वापरू नये.

घराभोवती आणि पायवाटेवर वापरायची विजेरी ४००० ते ५००० केल्व्हिनची, ९० वर सीआरआयची आणि रुंद झोताची असावी. शेताची किंवा नदीची दुसरी कड पाहण्यासाठी लहान पृष्ठाचा एलईडी आणि खोल परावर्तक हवा. दोन्ही गुण एकाच लहान विजेरीत पूर्णांशाने मिळत नाहीत. त्यामुळे आपली गरज आधी ठरवावी आणि ल्यूमेनचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा.