कालव्यांच्या नगरीतील नवस

व्हेनिस म्हटले की चांदणे, संथ पाणी आणि त्यावर डुलणारी काळी गोंडोला डोळ्यांपुढे उभी राहते. जगभरच्या नवदांपत्यांना हे नगर खुणावते. ही मोहिनी खोटी नव्हे. परंतु तिच्या मुळाशी काय आहे, हे जाणल्यावाचून व्हेनिसचे दर्शन अपुरेच राहते, असे आम्हांस वाटते.

हे नगर वसले ते सौंदर्यासाठी नव्हे, आसऱ्यासाठी. रोमन साम्राज्य ढासळत असता आक्रमणांच्या भयाने मुख्यभूमीवरील लोक खाडीतील बेटांवर आले. चिखलात लाकडी खुंट रोवून त्यांवर त्यांच्या वंशजांनी वाडे व मंदिरे उभारली. इ. स. ८२८ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून संत मार्कचे अवशेष आणले, असे परंपरा सांगते. त्या शुभवर्तमानकाराचा पंखधारी सिंह नगराचे चिन्ह ठरला. पूर्वेकडील मसाल्यांच्या व्यापाराने येथे वैभव आले. पुढे १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. ज्या पोर्तुगीज आरमाराने आमच्या वसईचे भवितव्य बदलले, त्यानेच व्हेनिसच्या मक्तेदारीलाही धक्का दिला.

१६३० साली नगरात प्लेग शिरला. दीड वर्षाच्या आत सुमारे ४६,००० माणसे, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश लोकसंख्या, बळी पडली. २२ ऑक्टोबर १६३० रोजी सिनेटने पवित्र मरियेच्या नावे मंदिर बांधण्याचा नवस केला. बाल्दास्सारे लोंगेना या तरुण वास्तुकाराकडे ते काम आले. १६८७ साली मंदिराचे पवित्रीकरण झाले, तेव्हा नवस बोलणारा दोज निकोलो कोंतारिनी तर नव्हताच, लोंगेनाही पाच वर्षांपूर्वी निवर्तला होता. नवस करणाऱ्यांनी नव्हे, त्यांच्या मुलानातवंडांनी तो फेडला.

हेच ते सांता मारिया देल्ला सालूते. आपण जिला आरोग्यमाता म्हणतो, तिचेच हे नाव. दर २१ नोव्हेंबरला महाकालव्यावर तात्पुरता पूल उभारतात आणि व्हेनिसवासी कुटुंबे त्यावरून चालत मेणबत्त्या लावावयास जातात.

१९५१ साली जुन्या नगरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. २०२२ मध्ये ती संख्या ५०,००० च्या खाली आली. प्रवाशांची गर्दी वाढली, शेजार मात्र ओसरला. ज्यांच्या पूर्वजांनी नवस केला, तीच माणसे नाहीशी झाली तर त्या पुलावरून कोण चालणार? गोंडोलेत बसणाऱ्याने एकदा त्या मंदिराची पायरीही चढावी. तेथे एखादी वृद्ध स्त्री मेणबत्ती लावताना दिसेल. व्हेनिस अजून तिच्यासारख्यांच्या बळावर उभे आहे.