विस्कटलेले संसार आणि घरचे शिवण

शिवणयंत्र येण्यापूर्वी मराठी घरात बाईच्या हातचे शिवण म्हणजे मुख्यतः गोधडी आणि बाळंतविड्यातले कपडे. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे यांना शिलाई लागत नसे. चोळी, अंगरखा, बंडी यांसाठी बहुधा शिंपी असे. कुंची, टोपडे, झबले, दुपटे मात्र घरीच होत, आणि त्यांहून अधिक होत त्या गोधड्या. दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात तिलाच वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्याचे दोन पदर वर-खाली, मध्ये विरलेली धोतरे आणि चिंध्यांचे थर, कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा आणि फाटेल तिथे ठिगळ, एवढीच तिची रचना. शेतीची कामे उरकली की उन्हाळ्यात ती अंथरायची, दुपारी दोन-तीन जणींनी बसून चार ओळी घालायच्या आणि कोणी हाक मारली की सुई तिथेच टोचून गुंडाळून ठेवायची. महिनाभराने उघडली तरी टाका जिथे थांबला तिथून पुढे चालू.

हे सोडता येणे आणि पुन्हा धरता येणे फार महत्त्वाचे होते. घरात कोणी दगावले, बदली झाली, दुष्काळ पडला, तरी या कामाचे साहित्य एका बोचक्यात मावत असे. त्यासाठी वेगळी खोली लागत नव्हती, वेगळा खर्च नव्हता, आणि मुख्य म्हणजे कोणाची परवानगी लागत नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, त्या वाचायला-लिहायला शिकू लागल्या तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना टोमणे मारले, अबोला धरला. हातात पुस्तक दिसले की कुरकुर होई. हातात सुई दिसली की बाई कामात आहे असे मानले जाई. मराठी घरातल्या बाईचा शिवणाचा छंद पिढ्यान्‌पिढ्या टिकला याचे मोठे कारण हेच आहे. तो छंद आहे हे घराने कधी ओळखलेच नाही.

यंत्र आले तेव्हा मात्र हे समीकरण बदलले. आयझॅक सिंगर यांना त्यांच्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ मध्ये मिळाले आणि त्याच दशकात त्यांच्या कंपनीने हप्त्याने विक्री सुरू केली. हिंदुस्थानात ही यंत्रे १८७०च्या दशकात विकली जाऊ लागली. मुंबईचे नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ कंपनीचे प्रमुख प्रतिनिधी झाले आणि पुढे ब्रह्मदेश व सिलोनपर्यंतचा कारभार त्यांच्याकडे आला. साडी आणि धोतर नेसणारा समाज शिवणयंत्र कशाला घेईल, ही शंका साहजिक होती. सुरुवातीचे बरेच गिऱ्हाईक शिंपीच होते. पण थोडे पैसे आधी आणि बाकीचे महिन्यामहिन्याने, ही सोय पगारदार मध्यमवर्गालाही मानवली. हाताने फिरवायचे, लाकडी पेटीत बंद होणारे यंत्र हळूहळू शहरी घरांत शिरले. पायमशीन घरातली जागा अडवी; हातमशीन मात्र बदलीच्या गावी सामानाबरोबर जाऊ शके.

यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राला त्यातून वगळले. १९२४ मधील एका संभाषणात त्यांनी म्हटले की, मोजक्या खऱ्या उपयोगी शोधांपैकी हा एक आहे. बायकोचे कंटाळवाणे टाके घालणे पाहून सिंगरने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचे खरे चरित्र इतके हळवे नाही, पण घरातल्या बाईचे श्रम वाचवणारे यंत्र ही कल्पना त्या काळच्या सुशिक्षित घरांना पटली होती, हे यातून कळते.

घर उधळून टाकणारे एक मोठे संकट या यंत्राने इथे पाहिले ते १८९६-९७ चे. त्या वर्षी दुष्काळ आणि प्लेग एकदमच आले. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान झाले आणि लवकरच तो पुण्यात पोहोचला. रोगाचा संशय असलेल्या घरातले कपडे आणि अंथरूण-पांघरूण जाळले जाई. कित्येक कुटुंबे गावाबाहेर झोपड्या घालून राहिली. बायकांनी गोधड्यांत वर्षानुवर्षे घातलेले टाके, त्यात आजीचे लुगडे, सासऱ्यांचे धोतर, हे सारे त्या आगीत गेले. प्लेगच्या इतिहासात या नुकसानीची नोंद कोणी ठेवली नाही. माणसे मरत होती तिथे गोधडीची मोजदाद कोण करणार? तरीही त्या घरांच्या स्मृतीचा एक भाग तिच्यातच शिवलेला होता.

त्याच काळात पुण्याजवळ केडगावला शिवणाला नवा अर्थ मिळत होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून निराधार मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. छापखाना, विणकाम, शेती यांबरोबर शिवण हाही तिथल्या शिक्षणाचा भाग होता. घर पूर्णपणे नाहीसे झालेल्या मुलीला सर्वांत आधी देता येण्यासारखे शिक्षण ते होते. अक्षरओळख नसली तरी चालणारे, बसल्या जागी करता येणारे आणि पहिल्याच महिन्यात स्वतःच्या अंगावर घालता येईल असे काहीतरी हातात देणारे.

रमाबाई रानडे यांचा मार्ग वेगळा होता. नवऱ्याच्या नोकरीपायी नाशिक, धुळे, पुणे, मुंबई असे बिऱ्हाड हलवत राहिलेल्या या बाईंनी मुंबईत स्त्रियांच्या मंडळात भाषा आणि सामान्यज्ञानाबरोबर शिवण आणि हातकामाचेही वर्ग चालवले. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात स्त्रियांसाठीच्या सेवासदन या संस्थेचे काम सुरू झाले. शिवण, भरतकाम, रुग्णसेवा आणि पुढे अध्यापनाचे शिक्षण यांमुळे शेकडो विधवा आणि परित्यक्ता घराबाहेर पडल्या. ज्या घरात पुस्तकासाठी दार उघडत नव्हते, तिथे शिवणाच्या वर्गासाठी ते उघडे, ही गोष्ट रमाबाईंना स्वानुभवाने ठाऊक होती. या काळातल्या सुधारणेच्या इतिहासात भाषणे आणि ठराव यांना जागा मिळते. शिवणाच्या वर्गाला मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

१९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. स्त्रियांच्या मासिकांतून भरतकाम आणि विणकामाचे नमुने येऊ लागले आणि शिवण ही उघडपणे हौस म्हणून मिरवण्याची गोष्ट झाली. दुसऱ्या महायुद्धाने या हौसेला वेगळे वळण लावले. कापड टंचाईमुळे १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणले. नवे कापड मिळेनासे झाल्यावर जुन्याची उलटापालट सुरू झाली. विटलेल्या साडीचा परकर, सदऱ्याच्या पाठीचे झबले, परकराच्या तळाला जोडपट्टी. वाढत्या मुलीच्या पोलक्यात दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडायची आणि दर वर्षी एकेक टीप उसवायची, हे कसब त्या पिढीने पुढच्या पिढीला दिले.

मग फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आजही तिचे भाग एक ते पाच अशा छावण्यांच्या क्रमाने ओळखले जातात. सिंधी भरतकामाची परंपरा घेऊन आलेल्या बायकांना इथे पोटासाठी कामाला लागावे लागले. बराकीत पडदे लावून केलेल्या अर्ध्या खोलीत पापड लाटणे आणि शिवण, ही दोन कामे लगेच सुरू होऊ शकत होती. पुढे उल्हासनगर तयार कपड्यांचे, विशेषतः जीन्सचे, मोठे केंद्र झाले. त्या उद्योगाला कारणे अनेक आहेत, पण बराकीतले शिवण हे त्याआधीचे पाऊल मानायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी यंत्रांच्या आयातीवर बंधने आली आणि देशी यंत्रांना बाजार मिळाला. कलकत्त्यात १९३०च्या दशकात सुरू झालेली ‘उषा’ घराघरांत पोहोचली. गावोगावच्या महिला मंडळांत शिवणवर्ग निघाले. लग्न ठरलेल्या मुलीला पेपर कटिंग यायलाच हवे असे वातावरण झाले. चाळीतल्या खोलीत पायमशीनला जागा एकच, खिडकीखाली. मशीन झाकले की त्यावर अभ्यास, इस्त्री, रेडिओ. जेवणे आटोपली की पुन्हा शिवण.

गिरणगावात या हौसेची सर्वांत कठीण परीक्षा झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबला, भांडी आणि दागिने विकले गेले, कित्येक कुटुंबे गावी परतली. जी राहिली त्यांच्यापैकी अनेक घरांत बायकांच्या कमाईवर चूल पेटली. खाणावळ, धुणीभांडी, भाजीविक्री आणि नगावर शिवण. आतापर्यंत शेजारणीचे पोलके मैत्रीखातर शिवून देणारी बाई फॉल-पिकोचे पैसे घेऊ लागली. ज्या गिरण्यांत कापड विणले जात होते त्या बंद, आणि त्यांच्या सावलीतल्या खोल्यांत कापड शिवून संसार चालू, असे चित्र होते. यात हौस मेली असेही म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. हौस होती म्हणून हात तयार होता, आणि हात तयार होता म्हणून त्या वर्षात काही घरे उभी राहिली.

तयार कपडे स्वस्त झाल्यावर घरचे शिवण मागे पडले. बरीच जुनी मशीने भंगारात गेली. उरलेली माळ्यावर किंवा जिन्याखाली आहेत. जुन्या सिंगर यंत्राच्या बैठकीवर एक क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून ते कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या साली तयार झाले हे शोधता येते. ज्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांनी तो क्रमांक आणि ते चालवणाऱ्या बाईचे नाव एका कागदावर लिहून पेटीत ठेवावे. या इतिहासाची कागदपत्रे फार थोडी आहेत, आणि ती वाढवणे अजून शक्य आहे.