फावड्याचा इतिहास

मंडळी, लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गच्या रेल्वे संग्रहालयात ३७५० क्रमांकाचं वाफेचं इंजिन पाहिलं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं, 'के-४' जातीचं. १९१४ ते १९२८ या काळात अशी ४२५ इंजिनं बनली, त्यांतली ३५० कंपनीच्या अल्टूना इथल्या स्वतःच्या कारखान्यात. मोठी चाकं ८० इंच व्यासाची, माझ्याहून उंच!

भट्टीचं माप वाचून मात्र मी थबकलो. कोळशाखालची जाळी सुमारे ७० चौरस फुटांची, म्हणजे आमच्या जुन्या स्वयंपाकघराएवढी. सुरुवातीला तिच्यावर सगळा कोळसा फायरमनने फावड्याने टाकायचा, तोही धावत्या, हिंदकळणाऱ्या इंजिनात उभं राहून. कोळसा टाकणारं यंत्र तेव्हा निघालेलं होतं. पण या इंजिनांवर ते सर्रास बसायला १९३०चं दशक उजाडलं, आणि त्यासाठीही सरकारी आयोगाला हुकूम काढावा लागला. यंत्राला पैसे पडतात, माणसाची पाठ स्वस्त असते.

शाळेत वाफेचं इंजिन शिकवताना फळ्यावर जेम्स वॅटचं नाव मी दरवर्षी लिहिलं. फावडं मारणाऱ्याबद्दल एक ओळही कधी सांगितली नाही. आज इथे लिहून ती भरपाई करतोय. असो.