देवासचा एकांत

पवार राजघराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या अमलापासून रजबअली खाँसारख्या गवयांमुळे नावाजलेल्या माळव्यातील देवासास १९४८ साली क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व राहावयास आले. बालपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करून कीर्ती मिळविलेल्या या कलावंतास जेव्हा गाण्याची सक्त मनाई झाली, तेव्हा अंथरुणास खिळल्या अवस्थेत त्यांनी आपल्या पूर्वगायनाचे चिंतन केले, माळव्यातील स्त्रियांची गीते कान देऊन ऐकली आणि मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांत रागांचे बीज आहे, हे ओळखले. त्यातूनच मालवती, संजारी, लगनगंधार हे धुनउगम, म्हणजे धुनांतून उगम पावलेले, राग जन्मले आणि १९६५ साली त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सक्तीच्या मौनातूनही विद्येस नवी दिशा लाभते, याचा याहून सबळ दाखला आपल्या संगीताच्या दप्तरी क्वचितच सापडेल.