सतरा शिलिंगांचा संसार

दिवाळीच्या फराळाला हात घालण्यापूर्वी घरची गृहिणी आधी एक हिशेब करते. तेल किती, साखर किती, मुलांच्या कपड्यांना किती. आणि बेरीज मिळकतीपेक्षा मोठी झाली, की ती आपल्या लुगड्याच्या रकमेवर काट मारते. माझ्या आईने अशी काट किती वर्षे मारली, हे आम्हा मुलांना मोठे होईपर्यंत उमगले नाही. वर्गात इतिहास शिकवताना सरकारी काटकसरीचे प्रकरण निघाले, की मला तिची ती वही आठवते. सरकारही असेच हिशेब करते. फरक एवढाच, की तेथे काट मारणारा एक असतो आणि लुगडे जाते दुसऱ्याचे.

असा एक हिशेब वाचकांना सांगायचा आहे. तो १९३१ सालच्या इंग्लंडमधला आहे. ज्या राज्यावर सूर्य मावळत नाही असे आपले वडीलधारे शाळेत घोकत होते, त्याच राज्याच्या घरात त्या साली पंचवीस लाखांहून अधिक माणसे बेकार होती. लँकेशायरच्या कापड गिरण्या, वेल्सच्या कोळशाच्या खाणी, टाइन नदीकाठचे जहाजांचे कारखाने, सगळीकडे जागतिक मंदीची अवकळा पसरली होती. बेकार कामगाराला सरकारी विम्यातून दर आठवड्याला भत्ता मिळे. लोक त्याला ‘डोल’ म्हणत. पुरुषाला सतरा शिलिंग, बायकोसाठी नऊ आणि प्रत्येक मुलामागे दोन. तीन मुले असली तर सारा संसार बत्तीस शिलिंगांत.

तिजोरीत तूट आली तेव्हा सर जॉर्ज मे यांच्या समितीने जुलैअखेर सल्ला दिला, की हा भत्ता वीस टक्क्यांनी कमी करावा. त्या वेळी राज्य मजूर पक्षाचे होते. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड स्वतः गरिबीत वाढलेले, आणि अर्थमंत्री फिलिप स्नोडेन तर विणकराचा मुलगा. दहा टक्क्यांवर तोडगा निघाला, तरीही २३ ऑगस्टच्या रात्री मंत्रिमंडळ दुभंगले. अकरा जण कपातीच्या बाजूने, नऊ जण विरुद्ध. दुसऱ्या दिवशी ते मंत्रिमंडळ गेले आणि मॅक्डोनल्ड विरोधकांना बरोबर घेऊन पुन्हा पंतप्रधान झाले. १० सप्टेंबरला विणकराच्या मुलाने कपातीचे अंदाजपत्रक मांडले. सतराचे सव्वापंधरा शिलिंग झाले, बायकोच्या नऊचे आठ. मुलांच्या दोन शिलिंगांना मात्र हात लावला नाही.

त्याच अंदाजपत्रकात आम्हा शिक्षकांच्या तिकडील भाईबंदांच्या पगारात पंधरा टक्के कपात होती, आणि नौदलातील काही खलाशांचा तर चौथा हिस्सा पगार जाणार होता. स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन बंदरात खलाशांनी जहाजे हाकारण्यास नकार दिला. आठवड्याच्या आत शिक्षक आणि खलाशी यांची कपात दहा टक्क्यांवर आली. बेकारांच्या कपातीत मात्र पैचा फरक पडला नाही. त्यांच्याजवळ अडवून धरायला जहाज नव्हते!

आणखी एक गंमत पाहा. पौंडाचे सोन्याशी बांधलेले मोल टिकावे म्हणून हा सारा खटाटोप होता. २१ सप्टेंबरला सरकारने ते बंधनच सोडून दिले. कपात तेवढी ऑक्टोबरपासून अमलात आली.

नेमक्या त्याच दिवसांत महात्माजी गोलमेज परिषदेसाठी लंडनच्या मजूरवस्तीत उतरले होते. सप्टेंबरअखेर ते लँकेशायरला गेले. तिथल्या गिरण्या बंद पडण्यात आपल्या परदेशी कापडावरील बहिष्काराचाही वाटा होता. तरी त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. महात्माजींनी त्यांचे दुःख ऐकून घेतले आणि सांगितले, की तुमचे तीस लाख बेकार आहेत, तर आमचे तीस कोटी अर्धे वर्ष बेकार असतात. दोघांचेही म्हणणे खरे होते.

तीन मुलांच्या घरात दर आठवड्याला पावणेतीन शिलिंग कमी आले. ते एक वेळ निभावले असते. पण नोव्हेंबरात दुसरे संकट आले. सव्वीस आठवडे विम्याचा भत्ता घेऊन झाला, की पुढच्या पैशासाठी साऱ्या घराची मिळकत तपासली जाऊ लागली. यालाच ‘मीन्स टेस्ट’ म्हणत. तपासनीस दारात येई. थोरल्या मुलाचा पगार किती, मुलगी काय आणते, आजीचे पेन्शन किती, शिल्लक काय, हे सारे विचारी आणि तेवढ्या प्रमाणात बापाचा भत्ता कापी. कालपर्यंत घर पोसणारा बाप मुलाच्या ताटात जेवणारा झाला. कित्येक कमावती मुले बापाचा भत्ता वाचावा म्हणून घर सोडून दुसरीकडे भाड्याने राहू लागली. दारिद्र्यात घर एकत्र राहते असे आपण म्हणतो. या नियमाने ते एकत्र राहणेच महाग केले. रॉदरहॅम आणि डरहॅम येथील स्थानिक समित्यांनी हात जरा सैल सोडला, तर १९३२ मध्ये सरकारने त्यांना बाजूला सारून आपले अधिकारी बसवले.

मग लोक जगले कसे? सोमवारी नवऱ्याचा ठेवणीतला सूट गहाणाच्या दुकानात जाई आणि आठवड्याअखेर सोडवून आणला जाई. खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांतून माणसे कोळसा वेचून आणीत. क्वेकर पंथाच्या मंडळींनी बी-बियाणे आणि अवजारे पुरवली, त्यावर बेकारांनी भाजीचे वाफे पिकवले. पाव, मार्गरीन, बटाटे आणि चहा हेच अन्न. स्टॉक्टन गावचे आरोग्याधिकारी डॉ. मॅक्गोनिगल यांना तर विलक्षण गोष्ट आढळली. गलिच्छ वस्तीतून नव्या स्वच्छ घरांत नेलेल्या कुटुंबांत मृत्यूचे प्रमाण वाढले होते. नव्या घराचे भाडे जास्त होते, आणि ते अन्नाच्या पैशातून जात होते.

हे अन्न कोणाच्या ताटातून जात होते? १९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस या बाईंनी साडेबाराशे कामकरी गृहिणींच्या चौकशीचे पुस्तक प्रसिद्ध केले. आधी नवरा, मग मुले, उरले तर आपण. दुखणे अंगावर काढायचे, डॉक्टर फक्त मुलांसाठी. वाचताना वाटते, ही बाई आपल्याच आळीत फिरून गेली की काय!

पण त्या बायका मुकाट्याने सोसत बसल्या नाहीत. १९३४ च्या जुलैत कापलेले दर परत मिळाले. १९३५ च्या जानेवारीत नव्या मंडळाने आणखी कमी दर लावताच दक्षिण वेल्समध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. ४ फेब्रुवारीला मर्थर गावात बायकांनी पुढे होऊन मंडळाच्या कचेरीची मोडतोड केली. दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार जाहीर केली. साऱ्या घराची मिळकत मोजण्याची ती पद्धत मात्र १९४१ मध्ये गेली.

एलिनॉर रॅथबोन या पार्लमेंटच्या सभासद बाई १९२४ पासून एकच गोष्ट सांगत होत्या, की मुलांच्या पोषणाचा पैसा सरकारने द्यावा आणि तो आईला द्यावा. १९४५ मध्ये कायद्याचा मसुदा आला तेव्हा त्यात पैसा बापाला देण्याचे लिहिले होते. म्हाताऱ्या रॅथबोनबाईंनी, असे असेल तर मी माझ्याच मागणीविरुद्ध मत देईन, अशी तंबी दिली. कलम बदलले. ६ ऑगस्ट १९४६ पासून पहिले मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग आईच्या हाती पडू लागले. ते पाहायला बाई नव्हत्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्या वारल्या होत्या.

पाच शिलिंगांनी दारिद्र्य गेले नाही. पण काट कोठे बसते हे त्या एका कलमात कोणीतरी ओळखले होते. आज पाडव्याला घरची वही उघडाल तेव्हा, कोणत्या रकमेवर रेघ मारलेली आहे, तेवढे एकदा पाहावे.