गायतोंडे आणि विज्ञान : एक तळटीप

* लेखकाने येथे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची चित्रे विज्ञानातून स्फुरल्याचे म्हटले आहे. होमी भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कलासंग्रहात ती आहेत, हे खरे. पण संग्रह घेणाऱ्याची आवड सांगतो, चित्रकाराची प्रेरणा नव्हे. शिवाय गायतोंडे यांची ओढ झेन विचाराकडे होती, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही लेखकाचे विधान सर्वस्वी खोडावेसे वाटत नाही, कारण त्याला आधार चित्रांच्या पोतात सापडतो. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचे थर चढवत, काही खरवडून काढत, कागदाचे तुकडे दाबून रंग उमटवत वा उचलत; म्हणून खालचा रंग वरच्या थरातून झिरपून आल्यासारखा दिसतो. यात योगायोगाला भरपूर वाव होता, पण त्यातले काय राखायचे हे त्यांची नजरच ठरवी. रंगद्रव्य कसे वागते ते पाहून पुढचे पाऊल टाकणे, ही प्रयोगशाळेतल्या माणसाचीच वृत्ती. झेनमधील एकाग्रतेशी तिचा विरोध कुठे येतो? मात्र या चित्रांत वाचकाने आकाशगंगा किंवा पेशी शोधू नयेत. कोणतीही वस्तू दाखवण्याचा गायतोंडे यांचा हेतूच नव्हता. एवढ्या मर्यादेत लेखकाचे विधान ग्राह्य धरून मूळ मजकूर तसाच ठेवला आहे. – संपादक