अनुभवाची अडत : तज्ज्ञ जोडून देणारा धंदा आणि आपली उपनगरं

आजचा विषय वाचून काही श्रोत्यांना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी या बाजारात कशाला शिरायचं? पण या बाजारात विकला जाणारा माल म्हणजे ज्ञान. ते कुणाचं आणि त्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे प्रश्न तर आमच्याच शास्त्राचे आहेत.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या बऱ्याच निवृत्त मंडळींना हल्ली एक संदेश येतो. 'तुम्ही अमुक उद्योगात इतकी वर्षं काढली आहेत. आमच्या ग्राहकाशी तासभर फोनवर बोलाल का? मानधन मिळेल.' काहींना ही फसवणूक वाटते. कधी ती असतेही. पण पुष्कळदा त्यामागे खराखुरा धंदा असतो. त्याला 'एक्स्पर्ट नेटवर्क' म्हणतात. समजा, एखाद्या गुंतवणूकदाराला टायरच्या धंद्यात पैसे घालायचे आहेत. डीलर कुठल्या कंपनीवर नाराज आहेत, कच्चा माल महागला की आधी कोण कोलमडतं, हे त्याला अहवालात सापडत नाही. ते जाणणारा माणूस शोधायचा, पारखायचा, फोन जुळवून द्यायचा आणि मधली रक्कम ठेवायची. आपल्या मार्केट यार्डातला अडत्या हेच करतो, फक्त इथे पोत्यात कांदा नसून अनुभव असतो. ग्राहक तासाला हजार डॉलरच्या घरात मोजतो आणि बोलणाऱ्याच्या हाती त्यातला काही भागच पडतो.

हा धंदा सुरू कसा झाला ते पाहू. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये मार्क गेर्सन आणि थॉमस लेहरमन यांनी एक कंपनी काढली. ती आज जीएलजी नावाने ओळखली जाते. त्यांना खरं तर गुंतवणूकदारांसाठी उद्योगांची माहितीपुस्तकं छापायची होती. ग्राहकांचं म्हणणं पडलं की पुस्तक राहू द्या, लिहिणाऱ्याशीच गाठ घालून द्या. पुढे २००० साली अमेरिकेत नियम आला की कंपन्यांनी महत्त्वाची माहिती निवडक विश्लेषकांच्या कानात सांगायची नाही, सांगायची तर सर्वांना एकदम. कंपनीचं दार असं बंद झालं, तेव्हा लोक कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांचं दार ठोठावू लागले. २००३ मध्ये गाइडपॉइंट आणि कोलमन, २००७ मध्ये लंडनची थर्ड ब्रिज, २००८ मध्ये अल्फासाइट्स, अशी एकेक पेढी उभी राहिली. थर्ड ब्रिजचं एक कार्यालय आपल्या मुंबईतही आहे.

आकाराचं म्हणाल, तर जाणकार या धंद्याची जगभरची वार्षिक उलाढाल २ अब्ज डॉलरच्या आसपास किंवा थोडी पुढे धरतात. जीएलजीने २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी कागदपत्रं दाखल केली, त्यात २०२० चं उत्पन्न सुमारे ५९ कोटी डॉलर होतं. म्हणजे ढोबळमानाने पाव हिस्सा एकाच घरात. ती शेअरविक्री पुढे मागे घेतली गेली. त्याच २०२१ मध्ये जपानच्या व्हिजास्क्यू कंपनीने कोलमन विकत घेतली. २०२४ मध्ये अल्फासेन्सने टेगस घेतली, ती ९३ कोटी डॉलरना. टेगसची गंमत अशी की ती झालेल्या संभाषणांची टिपणं साठवून पुन्हापुन्हा विकते. माणूस एकदाच बोलतो, त्याचं बोलणं मात्र विकलं जात राहतं. भारतात गुरुग्रामची इन्फोलिऑन ही कंपनी जून २०२३ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराच्या छोट्या कंपन्यांसाठीच्या मंचावर नोंदली गेली.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या एलबीएस मार्गाच्या आसपास कारखान्यांची रांग लागली. विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सीएट, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन. पश्चिमेला कांदिवलीत महिंद्रा, गोरेगावात १९६३ साली उघडलेलं सीबाचं संशोधन केंद्र, अंधेरीत १९७३ पासून सीप्झ. पुढे त्यातले कितीतरी कारखाने बंद झाले किंवा बाहेर गेले, लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, जागेवर टॉवर आणि मॉल आले. जमिनीचा हिशेब चौरस फुटाने झाला. पण तिथल्या माणसांनी तीस-तीस वर्षांत जे शिकून घेतलं होतं, त्याचा हिशेब कुणी केला नाही. म्हणून आज कुणी विचारायला आलं की बरं वाटतं, आणि ते वाटण्यात गैर काही नाही.

गैर कुठे सुरू होतं, ते पाहायला आपल्याच शहरातला एक खटला आहे. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने यूटीआयकडून ब्रुक बाँड लिप्टनचे ८ लाख शेअर घेतले. महिन्याच्या आत दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. ही कंपनी आज अंधेरीत चकाल्याला आहे, तेव्हा तिचं मुख्यालय दक्षिण मुंबईत होतं. १९९८ मध्ये सेबीने याला आतल्या माहितीवरचा व्यवहार ठरवून यूटीआयला भरपाई द्यायला सांगितलं. काही महिन्यांतच अपिलात तो आदेश रद्द झाला. विलीनीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांत आधीच होती, मग ती 'अप्रकाशित' कशी, असा मुद्दा होता. त्यानंतर २००२ मध्ये नियम दुरुस्त झाले आणि २०१५ मध्ये नवे आले. या नियमांत कंपनीशी संबंध सुटल्यावरही ६ महिने माणूस 'जोडलेली व्यक्ती' धरला जातो. आणि भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ज्याच्या हाती आहे, तो सहा महिन्यांनंतरही आतलाच.

अमेरिकेतला प्रसंग याहून बोलका आहे. डॉ. सिडनी गिलमन हे मिशिगन विद्यापीठातले मेंदुविकारांचे नामवंत प्राध्यापक. अल्झायमरवरच्या एका औषधाच्या चाचणीवर सुरक्षेची देखरेख ठेवणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. जीएलजीमार्फत मॅथ्यू मार्तोमा नावाचा गुंतवणूक व्यवस्थापक त्यांच्याशी बोलू लागला. २००८ मध्ये चाचणीचे निकाल जाहीर होण्याआधीच त्याला कळले. त्याच्या पेढीचा फायदा आणि टळलेला तोटा मिळून २७ कोटी डॉलरच्या वर गेला. २०१४ मध्ये मार्तोमाला ९ वर्षांची शिक्षा झाली. गिलमन साक्षीदार झाले, पण आयुष्यभराचं नाव गेलं. न्यायालयात त्यांनी सांगितलं की हा तरुण त्यांना आपल्या गेलेल्या मुलाची आठवण करून द्यायचा. पैसे तर मिळतच होते. पण कुणीतरी आस्थेने विचारतंय, लक्ष देऊन ऐकतंय, याची ओढ पैशापेक्षा मोठी असू शकते. आमच्या वयाच्या श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्यानंतर या कंपन्यांनी नियम पुष्कळ कडक केले, पण फोनवर बोलणाऱ्याच्या जिभेवर शेवटचा पहारा त्याचा स्वतःचाच असतो.

आपल्याकडे नैयायिकांनी 'शब्द' हे प्रमाण मानलं, आणि ते प्रमाण आप्ताचं. वात्स्यायनांनी आप्ताची लक्षणं सांगितली आहेत : ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ते पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू. म्हणजे पदवी आणि कूळ गौण. या कसोटीवर आजचा बाजार दोनदा तोकडा पडतो. एक, फोन बहुधा मॅनेजरला येतो. तीस वर्षं तेच यंत्र हाताळलेल्या फिटरला सहसा येत नाही, जरी यंत्राच्या बाबतीत खरा आप्त तोच. दुसरं, बाजार जाणकारी पारखतो, पण सांगण्याची इच्छा कशासाठी आहे ते पारखत नाही.

मग आपण काय करायचं? आमच्या मते आपल्याकडचं ज्ञान दोन प्रकारचं असतं. एक हातात मुरलेलं : माल कसा ओळखावा, डीलर का बिथरतो, औषध बाजारात यायला वर्षं का लागतात. ते आपलं. विका, नाहीतर फुकट द्या. दुसरं आपल्याकडे ठेव म्हणून आलेलं : न छापलेला निकाल, न जाहीर झालेला करार, कुणा सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट. ठेव कितीही वर्षं कपाटात राहिली तरी तिची मालकी बदलत नाही. तेव्हा फोन आला तर आधी विचारा, पलीकडे कोण आहे. जुन्या कंपनीबरोबरचा गोपनीयतेचा करार काढून वाचा. आणि बोलता बोलता 'हे फक्त तुम्हाला म्हणून सांगतो' असं वाक्य ओठांवर आलं, तर तिथेच थांबा.

आम्हीही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.